उशाशी निखारा



आमच्या पिढीच्या घरात विस्तवाला ठरलेली जागा असे. चूल स्वयंपाकघरात, बंब मागच्या पडवीत, समई देवासमोर, कंदील खुंटीला. मूल रांगायला लागलं की त्याला आधी ‘भाजेल हं!’ शिकवलं जाई, बडबडगीतं नंतर. रात्री निजानीज व्हायच्या आधी घरातलं कुणीतरी एकदा फिरून यायचं. निखारे राखेखाली झाकले का, स्टोव्हच्या टाकीतली हवा सोडली का, चिमणी विझवली का? हे काम कुणी वाटून दिलेलं नसे, पण ते कुणाचं आहे हे सगळ्यांना ठाऊक असे.

आता घरात विस्तव पूर्वीपेक्षा जास्त आहे. फक्त त्याला ज्योत नाही आणि त्याची जागा ठरलेली नाही. मी म्हणते आहे ते चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांबद्दल.

मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. विज्ञान हा माझा प्रांत नव्हे, त्यामुळे कुणी शास्त्रज्ञ असल्याचा आव आणणार नाही. पण निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला, आणि शंका आली की ज्याला कळतं त्याला विचारायची सवय मास्तरकीतून लागलेली आहे. या विषयावर लिहायचं कारण म्हणजे दिवाळीत आमच्या चिंचणीच्या घरी जमलेली नातेवाईक मंडळी. एका रात्री मी ओटीवरच्या एक्स्टेन्शन बोर्डाला आणि त्याच्या आसपासच्या प्लगांना लोंबकळणाऱ्या वस्तू मोजल्या. मोबाइल सहा, पॉवर बँका दोन, कानात घालायच्या त्या बोंडांच्या डब्या दोन, एक मनगटी घड्याळ, एक लॅपटॉप. आणि एक जाडसर पेनासारखी नळी, तिच्या टोकाला लुकलुकणारा निळा दिवा.

‘हे काय रे?’ म्हणून विचारलं तर उत्तर आलं, ‘पेनड्राइव्ह आहे.’ उत्तर देणारा कोण ते सांगणार नाही, कारण इथे घरातलीच मंडळी वाचतात. पण पेनड्राइव्हला आंब्याचा वास येत नाही एवढं मला कळतं. ;-)

ती नळी म्हणजे ई-सिगारेट. आपल्या देशात १८ सप्टेंबर २०१९ पासून तिच्यावर बंदी आहे. आधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी संसदेनं कायदा केला. बनवणं, विकणं, आयात-निर्यात, जाहिरात, साठा करणं, सगळं गुन्हा. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तरी ती नळी चिंचणीच्या ओटीपर्यंत येते. कशी येते ते पोलिसांनी बघावं. ती ओढू नये, याबद्दल माझ्या मनात काही दुमत नाही. पण आज मला वेगळंच बोलायचं आहे.

शाळेत असताना मुलं विडी लपवायची. शिक्षक समोर दिसले की पेटलेली विडी चटकन विजारीच्या खिशात जायची, आणि मग खिशाला पडलेलं भोक घरी काय म्हणून सांगायचं हा प्रश्न. म्हणजे विडीपेक्षा लपवणं जास्त महागात पडायचं. ई-सिगारेटचंही तेच आहे, फक्त प्रकरण खिशाच्या भोकावर थांबत नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनानं २००९ ते २०१६ या काळातल्या अशा नळ्या पेटण्याच्या किंवा फुटण्याच्या १९५ घटना तपासल्या. त्यांतल्या ६१ खिशात असताना घडल्या, ६० ओढताना आणि ४८ चार्जिंगला लावलेल्या असताना. ३८ माणसांना गंभीर इजा झाल्या. त्या अहवालात एक गोष्ट नीट समजावली आहे. या नळीचा आकार लांबट, आणि आतल्या बॅटरीची टोकं हा तिचा सर्वांत कच्चा भाग. त्यामुळे आत दाब वाढला की बॅटरी दिवाळीतल्या बाणासारखी सुटते.

आता ज्या मुलाला ही वस्तू लपवायची आहे तो ती कुठे चार्ज करणार? उशीखाली. गादी आणि भिंतीच्या मधल्या फटीत. कपड्यांच्या कपाटात, दार लावून. म्हणजे जिथे उष्णतेला बाहेर जायला वाट नाही आणि पेटायला कापूस तयार आहे, नेमकं तिथे. आणि कधी? सगळे झोपल्यावर. कंपनीचा चार्जर बरोबर बाळगला तर बिंग फुटेल, म्हणून हाताला लागेल त्या दुसऱ्या चार्जरवर.

हे असं का बिघडतं ते थोडक्यात सांगते, मला उमगलं तसं. आपण सुरळीच्या वड्या करतो ना, तशी ही लिथियम बॅटरी. धातूचे दोन लांब पातळ पत्रे, एक तांब्याचा, एक ॲल्युमिनियमचा. दोघांवर वेगवेगळ्या रसायनांचा लेप. दोघांच्या मध्ये केसाहूनही पातळ असा प्लास्टिकचा पापुद्रा, आणि हे सगळं गुंडाळून डब्यात भरलेलं. आत जो द्रव असतो तो पेट घेणारा. दोन पत्र्यांनी एकमेकांना शिवायचं नाही, हा सगळा खेळ त्या पापुद्र्यावर. आमच्या गावात दागिन्यांच्या डाय कोरणारे कारागीर पिढ्यानपिढ्या आहेत. त्यांना विचारा, केसाएवढा कण राहिला तर ठशाचं काय होतं. इथेही तसंच. धातूचा एखादा कण आत राहिला, बॅटरी पडून चेपली, किंवा प्रमाणाबाहेर भरली गेली की पापुद्रा फाटतो आणि आतल्या आत शॉर्ट सर्किट होतं.

‘प्रमाणाबाहेर’ म्हणजे किती? नेहमीच्या लिथियम सेलची भरण्याची मर्यादा ४.२ व्होल्ट. ती सांभाळायचं काम चार्जर आणि आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट करतं. म्हणूनच ‘पिन बसते ना, मग झालं’ हे खरं नाही. पिन बसणं आणि चार्जर जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आत एकदा उष्णता वाढू लागली की रसायनं स्वतःच आणखी उष्णता निर्माण करतात. दूध वर आल्यावर गॅस बंद केला तरी ते थोडं उतू जातंच, तसं. फरक एवढाच की इथे खालचा गॅस दूध स्वतःच मोठा करत असतं. बऱ्याच प्रकारच्या सेलमध्ये आतलं रसायन तापल्यावर प्राणवायूही सोडतं, त्यामुळे वरून गोधडी टाकून ही आग गुदमरत नाही. उलट गोधडीच पेटते.

तुम्ही म्हणाल, ‘बाई, कोट्यवधी मोबाइल रोज रात्री चार्जिंगला असतात, कितीसे फुटतात?’ रास्त प्रश्न आहे. फार थोडे फुटतात. ज्या वस्तूसाठी १९९१ साली सोनीनं पहिली बॅटरी बाजारात आणली आणि २०१९ साली तीन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं, ती वस्तू चांगलीच आहे. त्या तिघांतले गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते, म्हणजे आमच्यासारख्यांना अजून आशा आहे! पण मोबाइलवरून सवय लागते आणि तीच सवय आपण मोठ्या बॅटरीला लावतो. धोका तिथे आहे.

हिशेब करून बघा. साध्या मोबाइलच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास एवढी शक्ती असते. ई-सिगारेटमधल्या सुट्या सेलमध्ये त्याच्या निम्मी. विजेच्या स्कूटरच्या बॅटरीत मात्र दीड-दोन हजार वॅट-तास किंवा जास्तही, म्हणजे महावितरणच्या बिलावरची दोन युनिटं. मोबाइलच्या शंभरपट. आणि ती बॅटरी म्हणजे अशा अनेक सेलची माळ. एक सेल पेटला की शेजारचा तापतो. लवंगी माळेचं काय होतं ते सांगायला नको.

हे पुस्तकी ज्ञान नाही. आपल्याच पालघर जिल्ह्यात, वाणगावहून डहाणू लोकलनं जिथे सहज जाता येतं त्या वसईत, सप्टेंबर २०२२ मध्ये हे घडलं. स्कूटरची बॅटरी काढून घरात आणली होती आणि रात्री चार्जिंगला लावली होती. त्याच खोलीत सात वर्षांचा मुलगा आजीजवळ झोपला होता. पहाटे स्फोट झाला. मुलगा भयंकर भाजला आणि ३० सप्टेंबरला दवाखान्यात गेला. बॅटरी जास्त तापल्यानं स्फोट झाल्याचं पोलिसांच्या प्राथमिक चौकशीत समोर आल्याच्या बातम्या होत्या. सात वर्षांचा म्हणजे दुसरीतला मुलगा. दुसरीतली मुलं कशी असतात ते मी जन्मभर पाहिलं आहे. ती बातमी माझ्या डोक्यातून आजही जात नाही.

त्याच वर्षी मार्चमध्ये तमिळनाडूत वेल्लोरला घरी चार्जिंगला लावलेल्या स्कूटरनं पेट घेतला आणि वडील व मुलगी धुरानं गुदमरून गेले. १२ सप्टेंबरला सिकंदराबादला खाली विजेच्या दुचाकींची शोरूम आणि वर लॉज अशा इमारतीत आग लागली. धूर जिन्यानं वर चढला आणि आठ माणसं गेली. या दोन्ही ठिकाणी जाळापेक्षा धुरानं घात केला. हा धूर साध्या लाकडाचा नसतो, विषारी असतो.

वसईच्या बातमीनंतर मी जे ऐकलं त्यानं मला जास्त त्रास झाला. ‘लोकांना अक्कल नाही’, ‘निष्काळजीपणा, दुसरं काय!’ हे म्हणणाऱ्यांची घरं मोठी आहेत, खाली पार्किंग आहे, पार्किंगमध्ये प्लग आहे. एका-दोन खोल्यांत सहा माणसं राहणाऱ्यानं बॅटरी न्यावी कुठे? दिवसभर स्कूटर कामावर असते, त्याच स्कूटरवर पोट आहे. ती चार्ज होणार रात्रीच. खाली रस्त्यावर ठेवली तर बॅटरी चोरीला जाणार. सोसायटीत असेल तर ‘कॉमन मीटरवर चार्जिंग करायचं नाही’ असा फलक. मग ती जिना चढून घरातच येणार आणि मूल झोपतं त्याच खोलीत बसणार, कारण दुसरी खोलीच नाही. याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही. आपण सगळ्यांनी मिळून त्या माणसाला दुसरी जागाच ठेवली नाही.

सरकारनं काही केलं नाही असंही नाही. २०२२ च्या आगींनंतर तज्ज्ञांची समिती नेमली गेली आणि दुचाकींच्या बॅटऱ्यांचे नियम कडक झाले. काही १ डिसेंबर २०२२ पासून लागू झाले, काही ३१ मार्च २०२३ पासून. पण ते नियम नव्या गाड्यांना. जुन्या गाड्या रस्त्यावर आहेतच. शिवाय ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या आणि २५० वॅटपेक्षा कमी ताकदीच्या गाडीला नोंदणीही लागत नाही, परवानाही लागत नाही. स्वस्त म्हणून जी गाडी गरिबाच्या आणि कॉलेजच्या पोराच्या हाती पडते ती बहुतेक हीच. आणि बॅटरी बाद झाली की नवी महाग, म्हणून कुठूनतरी जुने सेल जोडून बनवलेली बसवली जाते. तिला कसला नियम आणि कसलं काय!

आमच्या किनाऱ्याची आणखी एक गंमत आहे. खारा वारा पत्रा खातो, सायकलची चेन खातो आणि प्लगच्या पिनाही खातो. गंजलेली, सैल पिन तापते. त्यात पावसाळ्यात वीज जाते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गेलं तेव्हाचा अंधार सगळ्यांना आठवत असेल. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के बसू लागले तेव्हा धुंदलवाडीकडची माणसं थंडीत घराबाहेर झोपत होती. त्या काळात हातातली बॅटरी आणि भरलेला मोबाइल हाच आधार होता. मला बॅटरीचा राग नाही तो यासाठीच. पण भारनियमनाच्या वर्षांनी आपल्याला एक खोड लावली: ‘लाइट येईल तेव्हा भरून घेऊ’ म्हणून सगळं प्लगला लावून निजायचं. मग रात्री दोनला वीज येते आणि सगळं घर झोपेत असताना सगळ्या वस्तू एकदम चार्ज होऊ लागतात.

तर माझं म्हणणं असं आहे. चार्जिंगला चुलीचा मान द्या. चूल पेटती ठेवून आपण झोपत नाही, गादीवर शेगडी ठेवत नाही, दारात निखारे पसरत नाही. त्यातूनच बाकीचे नियम निघतात.

१. जागेपणी चार्ज करा. निदान मोठी बॅटरी आणि ती लपवाछपवीची नळी तरी झोपेत नको. भरली की प्लग काढा.

२. जागा कडक आणि मोकळी हवी. शहाबादी फरशी, ओटा चालेल. गादी, सोफा, उशी, कागदांची रद्दी नको. आणि दाराच्या वाटेत तर मुळीच नको. आग लागली तर बाहेर पडायची वाट आगीच्या पलीकडे राहते.

३. ज्याचा चार्जर त्यालाच. हरवला तर त्याच कंपनीचा, तेवढ्याच व्होल्टचा घ्या.

४. उन्हातून आलेली तापलेली स्कूटर लगेच चार्जिंगला लावू नका. हाताला गार लागेपर्यंत थांबा. पत्र्याच्या छपराखाली एप्रिल-मेच्या दुपारी तर नकोच.

५. फुगलेली, चेपलेली, पाण्यात पडलेली किंवा गोडसर, औषधी वास येणारी बॅटरी पुन्हा कधीही चार्ज करू नका. फुगलेला पापड आणि फुगलेली बॅटरी यांत फरक आहे.

६. सुटे सेल किल्ल्या आणि सुट्या पैशांबरोबर खिशात टाकू नका. दोन टोकं धातूनं जोडली की झालं. प्लास्टिकच्या डबीत ठेवा.

७. धूर किंवा सुईसुई आवाज आला तर वस्तू वाचवायला जाऊ नका. हाताशी असेल तर मेन स्विच बंद करा, माणसं बाहेर काढा, दार ओढून घ्या, १०१ किंवा ११२ ला फोन करा. मोबाइलएवढी छोटी वस्तू असेल तर वीज बंद केल्यावर लांबून भरपूर पाणी ओता. स्कूटरच्या बॅटरीशी मात्र झुंजायला जाऊ नका.

८. बाद बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या नियमांप्रमाणे ती परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. दुकानदाराला तसं ठणकावून सांगा.

एवढं घरापुरतं झालं. घराबाहेरचं काम पंचायतीचं आणि सोसायट्यांचं आहे. पूर्वी गावात विहीर सार्वजनिक असे, पिठाची गिरणी एक असे. तशी चार्जिंगची एक सार्वजनिक जागा का असू नये? वर पत्रा, बाजूनं हवा, खाली सिमेंटचा कोबा, कुलपाचे खण, प्रत्येकाला मीटर, आणि राहत्या घरांपासून दूर. लोक पैसे द्यायला तयार असतात, त्यांना जागा हवी असते. ज्या सोसायट्या फलक लावून मोकळ्या होतात त्यांना माझा एवढाच प्रश्न आहे: तुम्ही बॅटरी खालून हाकललीत, पण ती गेली कुठे? वरच्या मजल्यावर, लेकरांच्या उशाशी.

आणि त्या नळीवाल्या मंडळींच्या आईबापांना एक सांगायचं आहे. पोराच्या हातात ती वस्तू सापडली तर रागवा, समजवा, सोडायला लावा. पण पोरगं उत्तर द्यायच्या ऐवजी लपवायला लागेल इतकं घाबरवू नका. वर्गात माझा अनुभव हाच होता. ज्या मुलाला खरं बोलल्यावर आधी छडी मिळते ते मूल पुढच्या वेळी खोटं जास्त सफाईनं बोलतं. छातीतला धूर डॉक्टरला दाखवता येतो. गादीखालची नळी मात्र पेटेपर्यंत कुणालाच दिसत नाही.

‘पेनड्राइव्ह’वाल्या आमच्या चिरंजीवांनाही हेच सांगितलं आहे. सोडशील त्या दिवशी मी स्वतः सुरळीच्या वड्या करून घालीन. तोपर्यंत माझ्या घरात चार्जिंग होईल ते ओट्यावर, उजेडी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. लाज वाटली तर फारच उत्तम.

असो. फार लांबलं. तुमच्याकडे रात्री चार्जिंगला काय काय लागलेलं असतं, आणि सोसायटीत किंवा गावात कुणी चांगली व्यवस्था केली असेल तर ती कशी, हे जरूर कळवा. पंचायतीत अर्ज घेऊन जायचं म्हणते आहे, दोन उदाहरणं हाताशी असलेली बरी.